काळूकाकांच्या श्वासातलं लोणी

रविवारी सकाळी आठ वाजता काशीगावच्या रुक्मिणी हॉलमध्ये चारशे माणसं हातात काचेचा ग्लास धरून स्ट्रॉने त्यात फुंकत होती. एरवी या हॉलमध्ये हळदीचा डीजे लागतो, पण इतक्या लोकांनी एका तालात काही करण्याचा योग तेव्हाही आला नव्हता. बुडबुड, बुडबुड, बुडबुड. भाईंदर पश्चिमेचे कापडवाले शेठ फुंकत होते, इंद्रलोकमधल्या तीन सोसायट्यांचे चेअरमन फुंकत होते, नया नगरातून रिक्षाने आलेलं एक वयस्कर जोडपं एकमेकांकडे चोरून बघत फुंकत होतं. एरवी पार्किंगवरून एकमेकांच्या जिवावर उठणारी ही मंडळी फुंकण्याच्या बाबतीत मात्र एकदिलाची होती.

"फुंको! दिल से फुंको! अंदर का कचरा बाहर आने दो!"

स्टेजवर श्वाससिद्ध प्राणानंद महाराज उभे होते. भगवी कफनी, कानाला माईक आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. महाराजांचं म्हणणं असं, की सत्ययुगात माणूस अन्न श्वासानेच पचवायचा, पोट हे कलियुगातलं फॅड आहे.

बघता बघता ग्लासातलं नितळ पाणी पांढरं झालं. आधी धुरकट, मग ताकासारखं, मग थेट दूध. हॉलमध्ये "अरे बाप रे"ची लाट उठली.

"यह दूध नहीं है, माताओं! ही तुमची चरबी आहे, चरबी! बाहर आ रही है! रुकना नहीं. आता मनातल्या मनात सोहम म्हणा आणि फुंकत राहा. फॅट मेल्ट होणार. क्वांटम लेव्हल पर मेल्ट होणार!"

लोक लाल तोंडाने फुंकत राहिले. तीन-चार मिनिटं गेली आणि ग्लासातलं दूध विरळ होत होत नाहीसं झालं. पुन्हा नितळ पाणी. चारशे ग्लास, चारशे चमत्कार. पुढच्या रांगेतली एक बाई हुंदके देऊन रडायला लागली. तिची चरबी गेली होती म्हणे. खुर्चीला मात्र ते अजून कळलं नव्हतं.

शेवटच्या रांगेत संघप्रिया बसली होती. तिच्याही हातात ग्लास होता, पण ती फुंकत नव्हती. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिथे दिवसभर तिच्यासमोर माणसं फुंकतच असायची. सुट्टीच्या दिवशीही तेच बघायची तिला हौस नव्हती. शेजारच्या रुक्मिणीकाकूंनी "पोरी, एकदा येऊन बघ, मना काय खरा वाटत न्हाय" असं हात धरून सांगितलं, म्हणून ती आली होती.

"आणि आता," महाराज गरजले, "आपले स्टार साधक! काळूरामशेठ! चार महिन्यांत अकरा किलो! टाळ्या!"

काळूकाका स्टेजवर आले. संघप्रियाने हातातला ग्लास खाली ठेवला.

हा हॉल काळूकाकांचा, बायको रुक्मिणीच्या नावाने बांधलेला. इंद्रलोकमधली तिची बिल्डिंगही एके काळी त्यांचं भाताचं शेत होती. बापाच्या मिठागरात लहानपणी राबलेला, खांद्यावर मिठाची पाटी वाहिलेला आडवा गडी. आता त्यांच्या अंगावरचा सफारी दुसऱ्या कोणाचा तरी मागून आणल्यासारखा लोंबत होता. गालांची हाडं वर आलेली. पायरी चढताना त्यांनी चाचपून खांब धरला. खाली लोक टाळ्या वाजवत होते. माणूस डोळ्यांदेखत झिजतोय आणि लोक त्याला बक्षीस समारंभासारख्या टाळ्या देताहेत, हे पाहून तिला संताप आला.

तीन वर्षांपूर्वी काळूकाकांच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. दोन महिने हॉस्पिटलात काढून ते वाचले, पण तेल-तुपाचं पचन करणारा रस तयार करायचं काम त्या अवयवाने जवळजवळ सोडूनच दिलं. तो रस मग बाहेरून घ्यायचा. प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल, जन्मभर. घेतल्या की माणूस ठणठणीत.

कार्यक्रम संपल्यावर तिने त्यांना हॉलच्या ऑफिसात गाठलं. रुक्मिणीकाकू आणि त्यांचा मुलगा हितेशही तिथेच होते.

"काका, कॅप्सूल कधीपासून बंद आहेत?"

"चार महिनं झालं. महाराजबाबा बोललं, गोलीनी चरबी अडकतंय."

"काका, तुमच्या अंगातून चरबी बाहेर पडतेय हे खरं आहे. पण ती श्वासातून पडत नाहीये."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "मी ह्यांना कवरा सांगतंय! संडासात तीन-तीन बादल्या पानी घालाचा लागतंय. वर तेलाचा तवंग. आन सांजचा तं दिसतच न्हाय ह्यांना. परवा जिन्यावरशी पडलं."

"ते डिटॉक्स आहे, आई," हितेश म्हणाला. हितेश हॉल सांभाळायचा आणि महाराजांना तो मोफत देण्याचा मान त्याचाच होता. "महाराजांनी आधीच सांगितलेलं, फॅट निघताना असं होणार. तू पण ना, संघप्रिया, हॉस्पिटलवाली आहेस म्हणून नेगेटिव्ह बोलतेयस."

संध्याकाळी दिसेनासं होणं म्हणजे काय, हे संघप्रियाला ठाऊक होतं. चरबी पचली नाही की चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. आधी डोळे, मग हाडं. आणखी चार महिने असेच गेले तर स्टार साधकाला स्टेजवर उचलून आणावं लागलं असतं. पण हे सगळं सांगून उपयोग नव्हता. तिने वेगळाच डाव टाकला.

"ठीक आहे. आमच्याकडेही फुंकायचंच मशीन आहे. चरबी पचते की नाही ते श्वासावरून सांगतं. महाराजांचं खरं असेल तर मशीनही तेच म्हणेल. याल?"

हितेशचे डोळे चमकले. "येणार! महाराज बोलतातच, एक दिवस सायन्सला पण मानावं लागेल."

*

या टेस्टची गंमत साधी आहे. लोण्यात एक चिमूट खास बनवलेली चरबी मिसळून पावावर लावून द्यायची. त्या चरबीतला कार्बन नेहमीपेक्षा किंचित जड असतो, अपाय काही नाही, फक्त ओळखू येतो. चरबी पचली की तो जड कार्बन श्वासातून बाहेर पडतो. पचली नाही, तर नाही. सकाळी उपाशीपोटी एकदा फुंकायचं, मग पाव खायचा, मग दर अर्ध्या तासाने फुंकायचं, सहा तास. सुया नाहीत, आणि कोणाला तीन दिवसांचा संडास डब्यात भरून आणायला लावायचं नाही. जुन्या तपासणीत तसंच असायचं, आणि तो डबा घेऊन बसमध्ये चढणाऱ्या पेशंटची व्यथा कोणत्याच पुस्तकात लिहिलेली नव्हती.

लॅबच्या प्रमुख डॉक्टर स्वाती ही टेस्ट आपल्या लोकांसाठी अचूक करण्याच्या मागे गेली दोन वर्षं लागल्या होत्या. परदेशातली कोष्टकं इथे चालत नव्हती. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांच्यात तो जड कार्बन मुळातच जरा जास्त असतो. कोणी मधेच भाकरी किंवा साखर खाल्ली की मशीन फसतं आणि लोणी पचलं असं सांगून मोकळं होतं. म्हणून फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं, दोन दिवस आधीपासून भाकरी, मका, साखर, गूळ बंद. टेस्टच्या वेळी पाण्याखेरीज काही नाही.

काळूकाका तांदळाची भाकरी खाणारे, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. सकाळी ते हितेशबरोबर आले, कपाळाला अंगारा आणि हातात स्टीलची मोठी बाटली.

"काका, सकाळपासून काही खाल्लं?"

"काय न्हाय."

"चहा? साखर? गूळ?"

"कायपन न्हाय, पोरी. खोटा कनाला बोलू?"

आणि ते खोटं बोलत नव्हते. सहा तास ते खुर्चीत ताठ बसून राहिले, दर अर्ध्या तासाने नळीत फुंकलं, मधूनमधून बाटलीतून घोट घेतले. संघप्रिया दर वेळी विचारायची, ते दर वेळी मान हलवायचे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. नॉर्मल. कॅप्सूलशिवाय लोणी व्यवस्थित पचलेलं!

संघप्रियाने तीनदा आकडे तपासले. हितेशने तेवढ्या वेळात रिपोर्टचा फोटो काढून आठ ग्रुपवर टाकला होता.

*

पुढच्या दोन दिवसांत इंद्रलोकच्या नाक्यापासून काशीगावापर्यंत फ्लेक्स लागले. 'आता सायन्सनेही मानले! मशीन बोलली, फॅट पचला!' एका बाजूला महाराज, दुसऱ्या बाजूला काळूकाका, आणि मध्ये दरवाजाएवढा मोठा केलेला रिपोर्ट. खाली सही संघप्रियाची. तिची सही इतकी मोठी याआधी कोणी केली नव्हती. भाजीवाला हिंदीत म्हणाला, "दीदी, आप तो फेमस हो गये." तिने मेथी तशीच ठेवली आणि घरी आली.

"हा प्राणानंद मला ओळखीचा वाटतोय," तिचे बाबा धम्मपाल गॅलरीतून फ्लेक्सकडे बघत म्हणाले. ते परभणीकडचे, आयुष्यभर सरकारी कचेरीत टेबल सांभाळलेले, चेहरे विसरत नसत. "अकरा वर्षांपूर्वी आपल्याकडे पाण्याचा फिल्टर विकायला आला होता बघ. दोन तारा पाण्यात सोडल्या, पाणी चॉकलेटी झालं. म्हणाला, साहेब, हे रोज पिताय तुम्ही! तुझ्या आईने घाबरून तिथल्या तिथे घेतला होता. ती घाण त्या तारांचीच होती, हे नंतर कळलं."

"बाबा, तेव्हा त्याने फसवलं. आत्ता माझ्या मशीनने साथ दिलीय त्याला."

"मग मशीनला विचार ना, का दिलीस म्हणून."

रागावलेल्या माणसाला इतकं शहाणपणाचं बोलणं आवडत नाही. पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन तिने काळूकाकांचा एकूण आकडा बाजूला ठेवला आणि दर अर्ध्या तासाचे आकडे ओळीने मांडले. आणि मग ती खुर्चीतून उठलीच.

लोणी पचायला वेळ घेतं. पहिले दीड-दोन तास आलेख लोळत असतो, मग हळूहळू चढतो. काळूकाकांचा आलेख अर्ध्या तासातच उभा चढला होता. इतक्या लवकर पोटातून श्वासात येणारी वस्तू एकच. गोड.

तिने काकूंना फोन लावला. "काकू, खरं सांगा, काकांनी त्या दिवशी काय खाल्लं?"

"काय न्हाय गो. उपाशीच व्हतं."

"त्या बाटलीत काय होतं?"

"तीर्थ. बाबांचा तीर्थ. सहा तास उपाशी बसाचा तं अंगात ताकद र्‍हावी म्हणून बाबांनी दिला."

"तीर्थ कशाचं, काकू?"

"गुलाचा पानी. पाव किलो गूल टाकतान एका बाटलीला. पन त्यानी उपास न्हाय मोडत!"

संघप्रियाने कपाळावर हात मारला. हसावं की रडावं तिला कळेना. फॉर्मवर गूळ लिहिला होता, साखर लिहिली होती, भाकरी आणि मकाही लिहिला होता. तिने तेरा वेळा "काही खाल्लं का" विचारलं होतं. आणि तेरा वेळा काळूकाकांनी खरं उत्तर दिलं होतं. चाळीस वर्षं सोमवार धरणाऱ्या माणसाच्या लेखी तीर्थ हे खाण्यात मोडतच नाही. ते पोटात जातं, पण जेवणात मोजलं जात नाही. हे जगातल्या कुठल्या कोष्टकात लिहिलेलं असणार? महाराजांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. गुळाने तरतरी येते आणि भक्त परत येतात, एवढीच त्यांची विद्या. आपला सर्वांत मोठा चमत्कार कसा झाला याचा स्वतः महाराजांनाच पत्ता नव्हता.

डॉक्टर स्वातींनी शांतपणे ऐकून घेतलं. "गूळ दोषी आहे हे तू म्हणतेस. दाखव."

संघप्रियाने दाखवायचं ठरवलं. दोन दिवस तिने घरी फक्त भात खाल्ला.

"आपल्या घरात दोन दिवस भाकरी नाही?" धम्मपाल ताटाकडे बघत म्हणाले. "आता तो महाराज आपलं जेवणही बदलणार का?"

तिसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसली. लोणी नाही, पाव नाही, ती खास चरबीही नाही. फक्त काकूंकडून आणलेलं तीर्थ, घोट घोट, सहा तास. संध्याकाळी मशीनने ठामपणे सांगितलं, की हिने लोणी उत्तम पचवलं आहे.

*

"म्हंजे तुजा बोलना काय, की मी खोटारडा हाय?" काळूकाका सोफ्यावर बसल्या बसल्या तापले. दिवे लागायची वेळ होती. ते तिच्याकडे बघत बोलत होते, पण नजर तिच्या खांद्याच्या बाजूला जात होती. "तीर्थानी कंदी उपास मोडलाय काय?"

"उपास नाही मोडत, काका. टेस्ट मोडते. चूक माझी आहे, तुमची नाही. मी बाटली उघडून बघायला हवी होती."

चूक माझी, हे शब्द ऐकून काळूकाका जरा निवले. चार महिन्यांत महाराजांच्या तोंडून हे त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

"काका, मी महाराजांची परीक्षा घ्यायला आले नाहीये. त्यांची शक्ती खरी असेल तर ती गुळावर अडणार नाही ना? एकदा फक्त साधं पाणी पिऊन बसा. सहा तास. नंतर तुम्ही म्हणाल ते."

"बाबा, नका जाऊ," हितेश म्हणाला. "एकदा नॉर्मल आलाय ना रिपोर्ट? मग परत कशाला?"

रुक्मिणीकाकू इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि नवऱ्याच्या समोर उभ्या राहिल्या. "माजा तोंड दिसतंय तुमाला?"

काळूकाका बघत राहिले. "आवाज आला तुजा," ते हळूच म्हणाले.

 हितेशने उठून दिवा लावला आणि तो बटणापाशीच उभा राहिला.

गुरुवारी काळूकाका पुन्हा आले. या वेळी बाटली संघप्रियाने स्वतः भरली. सहा तासांनी तिने त्यांच्यासमोर तीन आलेख ठेवले. पहिला त्यांचा तीर्थवाला, उंच. दुसरा तिचा, तसाच उंच. तिसरा आजचा. तो जमिनीला चिकटून गेला होता.

"ह्यो तुजा? तू लोनी न्हाय खाल्लास?"

"नाही."

"मंग ह्यो उंच कशानी?"

"गुळाने."

"आन मी आज खाल्ला त्या लोन्याचा काय झाला?"

"तसंच्या तसं बाहेर जाणार, काका."

काळूकाकांनी तिसऱ्या आलेखावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "चार महिनं," ते म्हणाले, "रुक्मिणीच्या हातचा तूप मी संडासाला भरवला." आणि इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. संघप्रिया त्यांचा हात धरून बसली. डॉक्टर स्वातींनी त्याच दिवशी कॅप्सूल परत चालू केल्या, जीवनसत्त्वांचं औषध लिहून दिलं आणि नंतर फॉर्म मागवून घेतला. 'काही खाल्लं का' या प्रश्नाखाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, 'तीर्थ, प्रसाद, पंचामृत, काढा घेतला का?' दोन वर्षांच्या संशोधनात या एका ओळीइतकी सुधारणा दुसऱ्या कशानेच झाली नव्हती.

*

पुढच्या रविवारी हॉल ओसंडून वाहत होता. फ्लेक्सचा प्रताप. महाराज रंगात आले होते.

"मशीन ने माना! डॉक्टर ने माना! और आज हमारे काळूरामशेठ खुद—"

काळूकाका स्टेजवर चढले, पण हार घालून घ्यायला थांबले नाहीत. त्यांनी सरळ निवेदकाच्या हातातला माईक घेतला. "त्यो रिपोट चुकीचा हाय. दुसरा रिपोट ह्यो हाय. माज्या पोटात चरबी पचतच न्हाय. ह्या पोरीचा आयका. हॉल माजा हाय, कोनी तिला थांबवाचा न्हाय."

संघप्रियाच्या हातात एक प्लास्टिकची बाटली होती, झाकणातून नळी काढलेली. तिने महाराजांच्या टेबलावरून एक भरलेला ग्लास उचलला. बाटलीत दोन चमचे खायचा सोडा टाकला, वर दोन लिंबं पिळली, झाकण लावलं आणि नळी ग्लासात सोडली. बुडबुड, बुडबुड. ग्लास दुधासारखा पांढरा झाला. थोड्या वेळाने पुन्हा नितळ.

"बघा," ती म्हणाली, "या लिंबाची चरबी गेली."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराज मात्र कसलेले होते.

"बेटी, निंबू में भी प्राण होता है."

पुढच्या दोन रांगांनी गंभीरपणे माना डोलावल्या. संघप्रियाला क्षणभर वाटलं, झालं, आता उद्यापासून भाईंदरमध्ये लिंबाचंही शिबिर भरणार.

"प्राण असेल, महाराज. चरबी किती असते लिंबात?"

महाराजांनी आशीर्वादाचा हात वर केला.

"ग्लासात आहे ती चुन्याची निवळी," ती लोकांकडे वळली. "पानाच्या ठेल्यावरचा चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. आपण सोडलेल्या श्वासात जो वायू असतो, तो त्यात गेला की पाणी पांढरं होतं. जाड्याचा श्वास असो, काडी पहिलवानाचा असो, नुकत्या जन्मलेल्या बाळाचा असो. आणखी फुंकत राहिलं की तो पांढरेपणा पुन्हा विरघळतो. निवळी पातळ केली की लवकर विरघळतो. सोहम म्हणा, नाहीतर पाढे म्हणा. घरी करून बघा. फक्त पिऊ नका."

"बाबा," काळूकाका महाराजांकडे वळले, "तुमची चरबी तं कवाच गेली. तुमी फुंका. तुमचा पानी पांढरा न्हाय झाला, तं मी ह्यो हॉल तुमच्या नावानी करतंय."

 महाराजांनी डोळे मिटले.

"आज माझं मौन आहे," ते म्हणाले.

गेला तासभर ते अखंड बोलत होते आणि कानाला लावलेल्या माईकमुळे हे मौन हॉलच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं. आता मात्र हसू कोणाला आवरेना. हितेश स्टेजवर आला. त्याचा चेहरा पडलेला होता. त्याने ग्लास उचलून महाराजांच्या समोर धरला. "फुंका ना, महाराज. माझ्या बाबांनी तुमच्यासाठी डोळे घालवले असते. तुम्ही एकदा फुंका."

महाराजांनी फुंकलं नाही. ते स्पोर्ट्स शूज घालूनच का वावरत असत, याचा उलगडा मात्र झाला. मागच्या दाराने ते बाहेर पडले आणि त्यांचे सेवक टेबलावरची भांडी तशीच टाकून मागोमाग पळाले.

लोक आता चेकाळले होते. कोणी शिट्ट्या मारत होतं, कोणी व्हिडिओ काढत होतं, आणि दोन आठवड्यांपूर्वी हुंदके देणारी बाई "मला तर आधीपासूनच डाउट होता" असं शेजारणीला सांगत होती. संघप्रियाने माईक घेतला.

"हसू नका. मीही फसले. मशीन माझं, सही माझी, आणि रिपोर्ट खोटा. फरक एवढाच, की मला शंका आली तेव्हा मी पुन्हा तपासलं, आणि चूक निघाली ती सांगितली. तुम्हालाही कोणी बरं करतो म्हणालं, तर एवढंच विचारा, पुन्हा तपासू का? खरा माणूस हो म्हणेल. मी म्हटलं तरी तपासा. डॉक्टर म्हणाले तरी विचारा. पण चालू असलेलं औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका."

टाळ्या पडल्या. तिला त्या नको होत्या. दोनच आठवड्यांपूर्वी याच हातांनी काळूकाकांच्या हाडांना टाळ्या दिल्या होत्या. काळूकाकांनाही बहुधा तेच वाटलं असावं. त्यांनी माईक परत घेतला.

"टाल्या नको. मना सांगा, बाबांच्या आयकून गोल्या कोनी कोनी बंद केल्यान? हात वर करा. मी चार महिनं मूर्ख ठरलो, मना लाज न्हाय वाटली. तुमाला कनाला?"

 कोणी खाली बघत होतं, कोणी मोबाइलमध्ये. मग मधल्या रांगेतून एक हात वर आला. संजना नावाची तरुण बाई होती, कडेवर मूल. "ताई, मी थायरॉइडची गोळी बंद केलीय. दीड महिना झाला. आता काय करू?"

"आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. किती दिवस बंद होती, तेही सांगा. लपवू नका."

मग नया नगरच्या त्या जोडप्यातल्या आजींनी आपल्या नवऱ्याचा हात धरून वर केला. म्हातारबुवा खुर्चीत ग्लानीत मान टाकून बसले होते, ओठ कोरडे पडले होते आणि श्वास खोल खोल चालला होता. "इनका इन्सुलिन," आजी म्हणाल्या, "चार दिन से बंद है. महाराज ने बोला था, फुंको, उतर जायेगा."

संघप्रिया स्टेजवरून उडी मारूनच खाली आली. तिने त्यांची नाडी धरली आणि मान वळवली.

"हितेश, गाडी काढ. आत्ता."

हितेश खुर्च्या ढकलत दरवाजाकडे धावला. दोघा-तिघांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललं. काळूकाका स्टेजवरच उभे होते, माईक घट्ट धरून.

"आजून कोन?" त्यांनी विचारलं, आणि आता हात भराभर वर यायला लागले.